ही गाडी उभी आहे

विम्याचा कागद चंपतरावांनी खिडकीपाशी नेऊन पाहिला, चष्मा पुसून पाहिला, उलटा धरूनही पाहिला. आकडा काही खाली उतरेना. शेवटी त्यांनी तो बायकोसमोर धरला. भागीरथाबाई भाकरी थापत होत्या. पिठाचं बोट आकड्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "एवढ्यात तर तुमची आख्खी गाडी येईन!"

"तेच तर म्हणतो मी! मागच्या साली वाढवला, औंदा पुन्हा वाढवला. गाडी म्हातारी होऊन राहिली अन् हप्ता जवान होऊन राहिला!"

"मंग विका ना तिले."

विकायचं नाव काढलं की चंपतराव विषय बदलायचे. नागपूरच्या सक्करदऱ्यात त्यांची आटाचक्की होती आणि चक्कीशेजारच्या पत्र्याखाली त्यांची जुनी लँडमास्टर मोटर. पेट्रोल महागल्यापासून ती महिन्यातून एखाद्या वेळी हलायची, पण तिच्यामुळे सासरी, काटोलात, चंपतराव 'मोटरवाले जावई' होते. बाकीचे तीन जावई नुसतेच जावई होते. हा मान सोडायचा म्हणजे काय?

समोरच्या घरात विश्वनाथ राहायचा, विम्याचा एजंट. चंपतरावांनी त्यालाच गाठलं.

"चंपतराव, एक युक्ती आहे," विश्वनाथ म्हणाला. "गाडी उभी ठेवा."

"उभीच तर आहे. आडवी कधी पाडली मी तिले?"

"तसं नाही हो. कंपनीला लिहून द्यायचं, की गाडी उभी आहे, चालवणार नाही, इंजिन सुरू करणार नाही. मग हप्ता नावापुरता. फक्त चोरीचं आणि आगीचं तेवढं ठेवू."

"चोरीचं कायले? तिले चालू करता करता मले घाम फुटते, चोर काय मंतर मारन? काटा! अन् आग लावाले पेट्रोल लागते. टाकीत पावशेर असन तर असन. तेही काटा!"

"आगीचं तरी राहू द्या."

"काटा म्हणतो ना गा!"

विश्वनाथनं काटलं. "पण लक्षात ठेवा, इंजिन एकदा जरी सुरू झालं तरी करार मोडला. मग पुरा हप्ता, वाढलेला."

चंपतराव घरी आले ते अक्षरशः उड्या मारत. कंपनीला टोपी घातल्याचा आनंद त्यांना पोळ्यापर्यंत पुरला. पोळ्याच्या संध्याकाळी काटोलहून निरोप आला. मेव्हणी गोपिका मारबत पाहायला येते आहे, सकाळच्या गाडीनं, नागपूर स्टेशनवर.

"आता आणा तिले टांग्यात," भागीरथाबाई म्हणाल्या. "काटोलभर सांगन ते, भाऊजींची मोटर गेली म्हणून."

चंपतरावांची झोप उडाली. सकाळी ते दात घासत अंगणात उभे होते. कुंपणापलीकडे महादेवरावांची बैलजोडी रवंथ करत होती. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, गळ्यात घुंगरं. चंपतरावांच्या तोंडातलं दातण तोंडातच राहिलं.

"इंजिन सुरू कराचं नाही, कबूल. चालवाची नाही, कबूल. पण ओढाची नाही असं विश्वनाथ बोलला का वं?"

"काय?" भागीरथाबाईंनी दारातून विचारलं, पण तोवर ते कुंपण ओलांडून गेले होते.

महादेवराव तयार होईनात. "कालच बैलायले पुरणाची पोळी चारली गा, अन् आज मोटर ओढाले लावू? शिव्या देतीन मले!"

"अजून दोन दोन पोळ्या चारतो. अन् तुले गाडीत बसवतो."

"मी गाडीत बसलो तर बैल कोण हाकन?"

शेवटी महादेवराव पायी, बैल पुढे आणि चंपतराव स्टीअरिंगवर, असं ठरलं. बंपरला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला. रस्त्यात पोलिसानं विचारलं तर भानगड नको, म्हणून चंपतरावांनी चुना कालवून बॉनेटवर ठळक अक्षरांत लिहिलं: 'ही गाडी उभी आहे.' खाली बारीक अक्षरांत, 'विमा कंपनीच्या हुकमावरून'. कोणी ओळखू नये म्हणून डोक्यावर जुनी साहेबी हॅट, डोळ्यांवर काळा गॉगल. उभी गाडी निघाली.

महाल वस्तीपर्यंत सगळं झकास होतं. तिथे पुढून ढोल ऐकू आले. दोन्ही गल्ल्यांतून माणसांचे लोंढे फुटले आणि लँडमास्टर मधोमध अडकली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, गावाची इडापीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा. तिच्याबरोबर बडगे निघतात. महागाईचा, काळ्या बाजाराचा, लोकांना जे जे छळतं त्या सगळ्याचे हे पुतळे. त्यांना गावभर मिरवायचं, पोटभर शिव्या घालायच्या आणि शेवटी जाळून टाकायचं.

"महादेव, काढ बाहेर!" चंपतराव ओरडले.

"कुठून काढू? मांगं महागाई हाय, पुढं काळा बाजार हाय!"

तेवढ्यात चंपतरावांना फुटपाथवर विश्वनाथ दिसला. त्यांनी हॅट नाकापर्यंत ओढली, दम रोखला आणि दगडासारखे बसून राहिले.

आणि तिथेच घात झाला. एका पोट्ट्यानं बॉनेटवरचा मजकूर मोठ्यानं वाचला. मग बैलांकडे पाहिलं. मग स्टीअरिंगवरच्या हॅटकडे.

"अबे, इकडं या बे! विम्याचा बडग्या! आजवर असा बडग्या नाही निघाला! पुतळा तर पाहा, हुबेहूब!"

लोक खदखदून हसले. ज्यांच्याकडे लुना होती तेही विम्याच्या नावानं पेटले. कुणी वांग्यांची माळ आणून बॉनेटला बांधली, कुणी फाटक्या चपलांचं तोरण आरशाला लावलं. एकानं पुतळ्याच्या गालावर कोळशानं मिश्या काढल्या. "वाढलेला हप्ता घेऊन जाऽऽ गे मारबत!" अशी आरोळी उठली आणि सारा रस्ता ती घेऊ लागला. खरं सांगायचं तर ती आरोळी चंपतरावांच्याही ओठांपर्यंत आली होती, त्यांनी ती महत्प्रयासानं गिळली.

स्टेशनवर वाट पाहून थकलेली आणि शेवटी पायीच निघालेली गोपिका छत्री आणि पिशवी सांभाळत गर्दीत उभी होती. पुतळा समोर आला तशी ती खिडकीत वाकली. "अगो बाई, हा तर आमच्या भाऊजींसारखा दिसते!" आणि खात्री करायला तिनं छत्रीचं टोक पुतळ्याच्या बरगडीत खुपसलं.

"मेलो!" पुतळा म्हणाला.

"पुतळा बोलते!" गर्दीनं टाळ्या पिटल्या.

"गोपिका, मीच आहो वं. चूप बस मांगं. तुलेच घ्याले आलो."

गोपिका हरखून मागच्या सीटवर बसली. "भाऊजी, मले घ्याले एवढे ढोलताशे?"

तलावाजवळच्या मैदानावर मिरवणूक थांबली. बडगे एका रांगेत उभे केले, लँडमास्टर शेवटी. महागाई पेटली. काळा बाजार पेटला. मिरवणुकीच्या मंडळाचे मनोहरराव गळ्यात शिटी, हातात रॉकेलचा डबा घेऊन पुढे पुढे येऊ लागले. महादेवरावांनी ते पाहिलं आणि गुपचूप सोल सोडला. "बैल माह्ये, मोटर तुही," असं म्हणून ते जोडी घेऊन बाजूला झाले.

चंपतराव टुणकन खाली उतरले. "थांबा! मी माणूस आहो!"

"बरं झालं उतरले," मनोहरराव म्हणाले. "माणूस नाही जाळत आपण. त्या बाईलेही उतरवा अन् व्हा बाजूले."

"अन् हा बडग्या नाही, मोटर आहे!"

"मोटर? बैलांनी ओढत आणली, वर लिहून ठेवलं उभी आहे. मोटर असन तर चालू करून दाखवा. नाही झाली, तर बडग्या!"

"बरोबर हाय!" गर्दी म्हणाली.

चंपतरावांनी खिडकीतूनच चावीला हात घातला, तोच विश्वनाथ माणसं लोटत पुढे घुसला. "चंपतराव! इंजिन सुरू केलंत तर पुरा हप्ता!"

चंपतरावांनी त्याची गचांडीच धरली. "विश्वनाथभाऊ, आगीचा विमा उतरव! आत्ता!"

"आत्ता? अहो, समोर काडी पेटली आहे!"

"काडी पेटली, गाडी कुठं पेटली? लिही लवकर!"

"असं नाही हो लिहिता येत!"

मनोहररावांच्या बोटांपर्यंत काडी जळत आली होती. एकीकडे वाढलेला हप्ता, दुसरीकडे राख. आणि मागच्या सीटवर गोपिका, जी उद्या काटोलात सगळं सांगणार. मोटरवाल्या जावयानं डोळे मिटले आणि चावी फिरवली.

खर्र. खर्रर्र. खु:.

"बडग्या! बडग्या!" पब्लिक नाचायला लागली. मनोहररावांनी दुसरी काडी काढली.

आता मात्र गोपिका कमरेपर्यंत खिडकीबाहेर आली. "काय पाहून राहिले रे पोट्टेहो? दंड आहेत का काड्या? धक्का मारा!"

नागपूरच्या माणसाला धक्का मार म्हटलं की तो कशाला ते विचारत नाही. जाळायला आलेले दोनशे हात गाडीला लागले. चंपतराव धावत जाऊन स्टीअरिंगवर पडले, क्लच सोडला, लँडमास्टर शिंकली, खोकली आणि काळ्या धुराचा एक लोट मनोहररावांच्या पांढऱ्या धोतरावर सोडून भडकन सुरू झाली.

"मोटर हाय! मोटर हाय!" गर्दीनं टोप्या उडवल्या.

थांबवली तर पुन्हा सुरू होणार नाही, हे चंपतरावांना ठाऊक होतं. त्यांनी थांबवलीच नाही. वांग्यांची माळ उडवत, चपलांचं तोरण वाजवत, 'ही गाडी उभी आहे' असं कपाळावर लिहिलेली गाडी भर चौकातून भन्नाट सुटली. मागून विश्वनाथ धावत होता, "करार मोडला होऽऽ!" आणि त्याच्या मागून महादेवराव, "माह्या पोळ्याऽऽ!"

संध्याकाळी विश्वनाथ पावतीपुस्तक घेऊन आला. चंपतरावांनी पुरा हप्ता मोजला. चोरीचा ठेवला. आगीचाही ठेवला. गालावरच्या कोळशाच्या मिश्या अजून पुरत्या निघाल्या नव्हत्या. आत गोपिका बहिणीला तिसऱ्यांदा सगळी हकिकत सांगत होती.

इतक्यात दारात मनोहरराव उभे. धोतर बदललेलं, चेहरा गंभीर.

"चंपतराव, बडग्यांच्या स्पर्धेत पंचांनी एकमतानं पहिला नंबर तुमच्या बडग्याले दिला. हा मोठा तांब्याचा हंडा, अन् रोख बक्षीस वेगळं."

चंपतराव खुर्चीतून उठले. "मंग द्या ना!"

"अडचण अशी, की बक्षीस जळलेल्या बडग्यालेच मिळते. नियम हाय. तुमचा पळून गेला." मनोहरराव जायला वळले, पुन्हा थांबले. "तसे आज रातभर विस्तव राहीन मैदानावर. पाहा बाप्पा."

ते गेले. चंपतराव बराच वेळ पत्र्याखालच्या लँडमास्टरकडे पाहत राहिले. मग त्यांनी विश्वनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार गोड आवाजात विचारलं,

"विश्वनाथभाऊ, ते आगीचं... आजपासूनच लागू झालं ना गा?"

विश्वनाथचं पेन थांबलं. स्वयंपाकघरात भागीरथाबाईंनी चुलीजवळची काडेपेटी उचलली आणि गुपचूप कमरेला खोचली.