ताराचंदचा कोहळा

कारंजा घाडग्याच्या ताराचंदनं त्या साली महालक्ष्मीच्या नैवेद्याला नालवाडीच्या बहिणीकडे घरचा कोहळा द्यायचं ठरवलं, आणि तिथंच त्याच्या जिवाला घोर लागला. ठरवून गप्प बसेल तो ताराचंद कसला? एसटीडी बूथवर जाऊन भाऊजींना कळवूनही मोकळा झाला. भाऊजी म्हणाले, मग आम्ही बाजारातून आणत नाही.

परसातला वेल कौलांवर चढला, पण कोहळा काही धरेना. फुलामागं इवलंसं फळ दिसायचं आणि पिवळं पडून गळायचं. त्यात ताराचंदचं दुकान बी-बियाण्यांचं. (साऱ्या गावाला पिकाचा सल्ला इथूनच.) म्हणजे लाज दुप्पट. त्याला अन्न गोड लागेना. गिऱ्हाईक उभं ठेवून तो परसात जाऊन वेल बघून यायचा. खत घातलं, नजर लागली असेल म्हणून वेलाला लिंबू-मिरचीही बांधली.

शेवटी एका शेतकरी मेळाव्यात उलगडा झाला. मधमाश्या कमी असल्या तर नर फुलाचा पराग आपणच मादी फुलाला लावायचा. मागं फळ दिसतं ती मादी, नुसता देठ तो नर. दुसऱ्या दिवशी उजाडताच ताराचंद दाढीचा ब्रश घेऊन परसात हजर. माद्या फुललेल्या होत्या, नर मात्र एकही सापडेना. तो शिडी लावून वर चढला आणि पहिल्याच पावलाला कौल फोडलं. भोकातून खाली बघतो, तर त्याची बायको शोभाबाई चुलीपाशी कोहळ्याची फुलं बेसनात बुडवत होती. रोज न्याहारीला तो ज्या भज्यांवर ताव मारायचा, तीच ही.

"अवं, हे फुलं काऊन तोडले?" त्यानं वरूनच विचारलं.

शोभाबाईनं शांतपणे वर पाहिलं. "फळवाल्या फुलाले मी हात नाई लावत. माय सांगे, ज्याच्यामागं फळ नाई ते नुसतं मिरवते, ते खाऊन घ्याचं. अन् आणखी वाढ म्हणून तुम्हीच तं मांगता."

एक फूल तेवढं बेसनातून वाचलं होतं. ब्रशला साबण वाळलेला, म्हणून शोभाबाईनंच ते फूल उचललं, परसात जाऊन एका मादीवर हलकेच घासलं आणि परत येऊन भजी तळायला बसली.

कोहळा धरला, आणि चांगला मांडीएवढा झाला. न्यायला आलेल्या भाऊजींनी तो दोन्ही हातांनी उचलला. "ताराचंद, तुह्या हाताले गुण हाय, बुवा."

ताराचंद घसा खाकरून मेळाव्यातलं भाषण सुरू करणार, तोच शोभाबाई चहा घेऊन आली.

"हात कायचा, भाऊजी? याईनं फक्त भजे खाणं सोडलं."