बीबीजानच्या कॅसेटवर हैबतरावांचं नाव

बीबीजानच्या कॅसेटमधून बीबीजानऐवजी रातकिडे बोलले, तो पौडच्या बाजाराचा दिवस होता. नबीलाल मास्तरांनी शिवणाचं दुकान अर्धवट ओढून घेतलं, आतल्या खोलीत येऊन टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि डोळे मिटले. जरा खरखर झाली. मग असा कर्कश आवाज निघाला की शेजारच्या गोजराबाई आपला स्टो बघायला घरात पळाल्या.

मास्तरांच्या बायकोला, बीबीजानला, लिहिता येत नव्हतं. मुलगी सुरैया लग्न होऊन कुवेतला गेल्यापासून या घरातली पत्रं कॅसेटवरच जात-येत. पुण्याला ऑपरेशनला जाण्याआधी मात्र बीबीजाननं एक कॅसेट खास मास्तरांसाठी भरली.

"तोंडावर सांगितलं की तुमचं ध्यान सुईत," ती म्हणाली होती. "म्या घरात नसंन तवा ऐका. कामं सांगितल्यात."

पुण्याहून ती बोलत परत आली नाही; मयतच आली. त्यानंतर ती कॅसेट लावणं मास्तरांच्यानं होईना. एकदा ऐकली की संपली, पुढं ती नवीन काही सांगणार नाही, असं त्यांना वाटे. आज ऐकू, उद्या ऐकू करता करता वर्ष सरत आलं, बरसी जवळ आली. तेव्हा कुठं मन घट्ट केलं, तर हे रातकिडे.

"सुरैया! तुज्या अम्मीला काय झालं बघ!"

बरसीसाठी नवऱ्याबरोबर आलेली सुरैया पिठाच्या हातानं धावत आली. आवाज ऐकला आणि जागच्या जागी थांबली. आल्यापासून हा आवाज ती रोज ऐकत होती.

"आवं," तिनं परसाकडं तोंड करून हाक मारली. "हिकडं या जरा. अंघोळ ऱ्हाऊ द्या."

तिचा नवरा कमरुद्दीन म्हणजे मास्तरांच्या बहिणीचाच मुलगा. त्यानं या खेपेला कुवेतहून घरी वापरायचा कॉम्प्युटर आणला होता. दिसायला टाइपरायटरचं पिल्लू. तो टीव्हीला जोडायचा, आणि त्यात टाइप केलेलं जपून ठेवायला साधा टेपरेकॉर्डर लावायचा. मशीन आपलं म्हणणं शिट्ट्यांत कॅसेटवर भरी आणि पुढच्या वेळी त्याच शिट्ट्या ऐकून ते आठवे. निदान आठवायला हवं होतं. पण ते कधी अर्ध्यात थिजे, कधी पडद्यावर नुसत्या चांदण्या दाखवी.

यातली मेख सुरैयाला पहिल्याच दिवशी कळली होती. सोबतचं पुस्तक तिनंच वाचलं होतं. कंपनीतून येतानाच मशीन कॅसेटवर वेगात लिहायला लावलेलं होतं, आणि साध्या टेपला नि पौडच्या विजेला तो वेग झेपत नव्हता. वेग कमी करायला एक ओळ टाइप केली की भागणार होतं.

"हळूवर टाका की ते," ती रोज म्हणे.

"कंपनीत इंजिनेर बसल्यात. त्यांनी ठिवलंय ते काय झोपंत ठिवलंय? सेटिंगला हात लावायचा न्हाई," कमरुद्दीन रोज म्हणे.

सेटिंग न बदलता त्यानं वेगळाच उपाय काढला. तीच गोष्ट कॅसेटवर पुन्हा पुन्हा भरायची. एक बिघडली तर दुसरी असेल, दुसरी बिघडली तर तिसरी. यात कुवेतच्या कोऱ्या कॅसेटी संपल्या.

"कपाटातली घेतली तुमी?" सुरैयानं विचारलं.

टॉवेल गुंडाळलेला कमरुद्दीन म्हणाला, "कोरीच हुती ती. वर काय बी लिवलं नव्हतं."

"अम्मीला लिवाया येत हुतं का?"

कमरुद्दीनच्या अंगावरचं पाणी तसंच ठिबकत राहिलं. मास्तर उठले, बसले, परत उठले. गळ्यातली मोजपट्टी काढली आणि पुन्हा गळ्यात घातली.

"काय भरलंस तिच्यावर?"

"मामू... हैबतरावांचं नाव."

हैबतराव रिहे गावचे मोठे शेतकरी, मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. टीव्हीच्या पडद्यावर आपलं नाव सरकताना बघायची त्यांना हौस होती. कमरुद्दीननं ती पुरवायचं कबूल केलं होतं, आणि आज बाजाराला येताना ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खं घर घालून आले.

"मास्तर! झालं का आमचं नाव तयार?" दारातूनच त्यांचा आवाज आला. "धोंडाबाई तर चष्मा लावून आलीया."

धोंडाबाई त्यांची थोरली बहीण. तिच्यामागं सुना, नातवंडं. खोली भरली. सुरैयानं सगळं सांगितलं. हैबतराव शिवणाच्या कपड्यांच्या ढिगावर मटकन बसले.

"म्हंजे वहिनींच्या बोलण्यावर माजं नाव बसलंय?"

"व्हय."

"कितींदा?"

"लईंदा," कमरुद्दीन म्हणाला.

"आरं मग उठीव की मला तितनं! त्या माऊलीनं काय वाकडं केलं हुतं माजं?"

"पुसा म्हनते मी," धोंडाबाई म्हणाली. "वरचं नाव पुसलं की खालचं आपसूक दिसंल."

"आत्याबाई, ती काय भिंत हाय का, वरचा रंग खरवडायला?" सुरैया म्हणाली. "पुसलं तर हाय ते बी जाईल."

पण कमरुद्दीनला कोणीतरी काहीतरी करायला सांगितल्याचाच आनंद झाला होता. त्याचं बोट रेकॉर्डिंगच्या लाल बटणाकडं गेलं. मास्तरांनी झेप घालून टेपरेकॉर्डर उचलला, मांडीवर घेतला आणि वर कोणाची तरी अर्धी शिवलेली शेरवानी पांघरली.

"कुनी हात लावायचा न्हाई! बोट छाटीन!" कात्री खरंच हाताशी होती.

बराच वेळ समजूत घातल्यावर त्यांनी एवढंच कबूल केलं, की भरायचं काही नाही, नुसतं मशीनला ऐकवायचं. टेपवर आणखी काही उरलं असेल तर मशीन सांगेल, असं कमरुद्दीनचं म्हणणं होतं. वायरी जोडल्या. टेप फिरू लागली. आणि इतके दिवस जे एकदाही जमलं नव्हतं ते आज जमलं. पडद्याच्या उजव्या कडेतून हैबतरावांचं नाव, ठळक इंग्रजी अक्षरांत, डौलात सरकत आलं.

"आलं! आजोबा आलं!" नातवंडांनी टाळ्या पिटल्या. हैबतरावांचा चेहरा आधी फुलला, मग मास्तरांकडं बघून पडला.

"बंद करा रं! लाज हाय का न्हाई?" असं म्हणताना त्यांची नजर पडद्यावरच होती.

बंद होईना. नाव मध्यावर येऊन जे थिजलं ते हलेचना. कमरुद्दीननं सगळी बटणं बडवली. शेवटी वैतागून त्यानं वायरी उपटल्या. टेपरेकॉर्डर नि मशीनमधली वायर निघाल्याबरोबर त्याचा आवाज मोकळा झाला आणि रातकिडे खोलीभर ओरडू लागले. हैबतराव, थोडी खरखर, परत हैबतराव, परत खरखर. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

"बंद करा की, अब्बा!"

मास्तर बंद करेनात. सारखे चुळबुळ करत होते, पण बटणावर हात जात नव्हता. मधेच रातकिडे गप्प झाले.

"...म्हंजे समजलं नव्हं? येवढं काम आधी करा," बीबीजान म्हणाली. "बाकीचं ऱ्हायलं तरी माजी तक्रार न्हाई. पर हे ठिवू नगा. मला लई घोर लागलाय त्याचा. आन् हैबतरावांच्या सदऱ्याची डावी बाही तिरकी झालीया. त्यांस्नी कळलेलं न्हाई. सांगू नगा."

हैबतरावांनी हळूच डाव्या बाहीकडं बघितलं आणि हात मागं घेतला. टेपवर बीबीजान खोकली, "आता ह्ये बंद कुटनं करायचं?" म्हणाली आणि खट झालं.

धोंडाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. कमरुद्दीन मात्र बोटं मोजत हिशेब करत होता.

"बगा मामू, येग कमी केला असता तर तेवढंच नाव चौपट टेप खाऊन गेलं असतं. मामीचं कायबी उरलं नसतं. म्हणून म्हणतुया, कंपनीच्या सेटिंगला..."

"येग कमी केला असता," सुरैया म्हणाली, "तर पयल्याच कॅसेटीवर झालं असतं. कपाटाला तुमचा हात लागला नसता."

तो आत जाऊन सदरा घालून आला.

मास्तरांचं लक्ष दोघांकडंही नव्हतं. "कुटलं काम?" ते प्रत्येकाला विचारत होते. "काय म्हनली आसंल?"

गोजराबाई म्हणाल्या, पन्हाळ गळतंय ते. सुरैया म्हणाली, ताम्हिणीच्या मावशीला भेटून यायचं. हैबतराव म्हणाले, तब्येत दाखवायची, दुसरं काय. मास्तरांनी पन्हाळ दुरुस्त केलं. भर पावसात ताम्हिणीला जाऊन मावशीच्या हातची भाकरी खाऊन आले. डॉक्टरला छाती दाखवली. कपाटाचं बिजागर, परसातली मोरी, कोणाकोणाचे रखडलेले ब्लाउज, सुचेल ते उरकलं. प्रत्येक काम झालं की ते टेप लावत, आणि बीबीजान तितक्याच काळजीनं म्हणे, हे ठिवू नगा.

बरसी उरकून सुरैया नि कमरुद्दीन कुवेतला परत गेले. बीबीजाननं सांगितलेलं काम कोणतं, हे मास्तरांना अजून कळलेलं नाही. ते करायचं राहिलं आहे.