हिरडवाडी कोरडी ठेवण्याचा प्रयत्न

१९९९ साली मी कर्वे रोडवरच्या एका संगणक कंपनीत कागदी नकाशे पडद्यावर घेऊन माऊसनं गिरवायचो. डोंगराच्या उंचीच्या रेषा माझ्याइतक्या सफाईनं गिरवणारा माणूस अख्ख्या पुण्यात नव्हता. हे मीच सांगतोय, म्हणजे खरं असणार.

एक दिवस आमचंच खोरं माझ्या टेबलावर आलं. ओढा, टेकाड, बारीक काळ्या चौकोनांची हिरडवाडी. धरण झालं तेव्हा गावाची खालची आळी बुडाली, आम्ही धायरीला आलो. आता जुन्या नकाशावर धरणाच्या पाण्याची कड काढायची होती आणि ती नेमकी आमच्या घरावरून जात होती. मला परसातला फणस आठवला. त्यात दुपारी अण्णा, माझे वडील, गावचा नकाशा बघायला येणार होते. मी घरापुरती रेष सोडली आणि पुढं गिरवत गेलो. एवढंसं कोणाला दिसतंय?

"तळ्यात निळा रंग भरा. चारला नकाशाचं शीट जायचंय," आमच्या साहेब कादंबरी मॅडम म्हणाल्या.

मी बटण दाबलं. निळा रंग तळ्यात भरला, सोडलेल्या फटीतून बाहेर पडला आणि बघता बघता डोंगर चढून नकाशाच्या चारी कडांना जाऊन टेकला.

"पाणी डोंगर चढतंय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आपण काही नवा शोध लावलाय का?"

"रेषेत फट राहिलीय, मॅडम. आमच्या घरापाशी."

तेवढ्यात धुतलेलं धोतर, कडक टोपी अशा थाटात अण्णा दारात. सरळ पडद्यासमोर येऊन उभे राहिले.

"आपलं घर कुठं हाय?"

मी निळ्यावर बोट ठेवलं.

"आन् म्हसोबाचं टेकाड?"

निळं.

"पल्याडचं मामाचं गाव?"

"तेही बुडालं, अण्णा. मी आपलं घर वाचवायला गेलो होतो."

अण्णा म्हणाले, "रेघ वड."

"घरावरनं?"

"घर कवाच गेलंय. मामानं काय केलंय तुझं?"

मी रेष जोडून पुन्हा रंग भरला. मामाचं गाव वर आलं, टेकाड वर आलं, घर गेलं. मला डोळे पुसावे लागले. चारला शीट गेलं.

निघताना अण्णा मॅडमना म्हणाले, "बाई, ह्येला धरणाच्या हापिसात चिकटवायला म्या लई खेटे घातले व्हते. न्हाई लागला, ते बरं झालं."