मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर

चौक्याचा घाट आला की बद्रीनाथची स्कूटर दोघांपैकी एकालाच वर नेत असे, आणि तो एक म्हणजे चालवणारा असल्यामुळे दरवेळी उतरायची ती त्याची बायको वच्छला. औरंगाबादहून तिच्या माहेरी, फुलंब्रीला जायचं तर हा घाट चुकत नव्हता. पायथ्याच्या कडुलिंबापाशी बद्रीनाथ गिअर बदलायला वेग कमी करी. पूर्ण थांबलं तर इंजिन बंद पडे आणि मग लाथा मारता मारता चपलेचा अंगठा तुटे. म्हणून वच्छला चालत्या गाडीवरूनच अलगद उतरायला शिकली होती. लिंब दिसला की तिचे पाय आपोआप जमिनीला लागत. बद्रीनाथ पुढे जाऊन माथ्यावर तिची वाट बघत बसे.

याचं त्याला काही वाटत नव्हतं. वाटलं ते दिवाळीत, काकासाहेबांमुळे. काकासाहेब म्हणजे वच्छलाचे थोरले भाऊ. दारात जीप, अंगावर कडक इस्त्रीचं धोतर, आणि चार माणसं गोळा झाल्याशिवाय वाक्य पुरं करायचं नाही ही सवय. त्या चार माणसांदेखत ते म्हणाले, "दाजी, आम्ही बहीण दिली ती गाडीवर बसायला, गाडीमागं चालायला नाय. येत्या आखाजीच्या सणाला ती घाट पायी चढली, तर तिथून फुडं तिला न्यायला-आणायला आपली जीप येईल. तुम्ही या निवांत एकटे."

माणसं हसली. बद्रीनाथही हसला, पण त्याच्या डोळ्यांसमोर पुढे जीप, जीपमध्ये बायको आणि मागे धूळ खात आपण, असं चित्र उभं राहिलं आणि ते काही केल्या हलेना.

चिकलठाण्याच्या कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. त्याने दुखणं कँटीनमध्ये मांडलं. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून पेंटशॉपचा पुंडलिक आणि लेथवरचा कडुबा यांची टेबलं वेगळी झाली होती. पुंडलिक मोर्चाला जाऊन आला की कडुबा चहात साखर जास्त झाली म्हणून कपावर राग काढी. एकाने 'आज ऊन आहे' म्हटलं तर दुसरा आभाळाकडे बघून खात्री करून घेई.

"गाडीला दम नाय," पुंडलिक म्हणाला. "कार्बोरेटर बदला. मोठा घ्या."

पलीकडच्या टेबलावरून कडुबा भिंतीकडे बघत म्हणाला, "मोठाच घ्यावा लागंल."

वाढप्याचा हात हवेतच राहिला. बद्रीनाथने हिशेब केला: ज्या गोष्टीवर पुंडलिक आणि कडुबाचं एकमत होतं, ती चुकीची असूच शकत नाही.

पैठण गेटजवळच्या मेकॅनिक गफूरभाईंनी गोणपाटावर तीन कार्बोरेटर मांडले. एक होता तसलाच, एक थोडा मोठा, आणि एक दुसऱ्याच कुठल्या तरी दांडग्या मोटारसायकलचा.

"बीचवाला लेओ, साब."

"नक्को. वो बडा दाखवो."

"इंजिन बकरी का, मुँह ऊँट का लगारे तुम. पेट्रोल पियेगा बहुत!"

"पिने दो. पुंडलिक और कडुबा दोनों बोले हैं."

गफूरभाईंना हे दोघे कोण ते माहीत नव्हतं, पण गिऱ्हाईक इतक्या ठामपणे बोलतं म्हणजे कोणी तरी मोठी माणसं असावीत. त्यांनी मोठा बसवला. तो मावेना, म्हणून हवेची जाळी काढली. तरी बाजूचं झाकण लागेना, म्हणून झाकण कापलं. कापलेलं झाकण खडखडू लागलं, म्हणून ते सायकलच्या ट्यूबने बांधलं. आता गाडी सुरू केली की हौदावर म्हैस पाणी पिते तसा आवाज येऊ लागला. बद्रीनाथला तो ताकदीचा वाटला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळीच दोघं निघाली. हर्सूल मागे पडलं, सावंगी गेली.

"आज उतरायचं नाय बरं का," बद्रीनाथने मोठ्याने बजावलं.

"काय म्हणता?" म्हैस पाणी पीत होती, त्यामुळे वच्छलाला ऐकू गेलं नाही.

लिंब आला. बद्रीनाथने गिअर बदलायला वेग कमी केला आणि मुठीला पीळ दिला. गाडी उसळली! पिसासारखी हलकी झाली! पहिलं वळण तिने असं घेतलं की बद्रीनाथचा ऊर भरून आला.

"बघितलंस का वच्छला? ह्याला म्हणतात कार्बोरेटर! आता बोल म्हणावं तुझ्या दादाला!"

वच्छला काही बोलली नाही. भावाबद्दल बोललं आणि ती गप्प राहिली, असं लग्न झाल्यापासून घडलं नव्हतं. बद्रीनाथने तेही कार्बोरेटरच्या नावावर जमा केलं.

फुलंब्रीत दारात माणसं होतीच. सासूबाई सारजाबाई लेकीवरून उतरून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. बद्रीनाथने ऐटीत गाडी लावली आणि मागे न बघता म्हणाला, "उतर गं. घ्या काकासाहेब, डबलशीट घाट! एकदा सुदिक थांबलो नाय."

"ते दिसतंय," काकासाहेब म्हणाले. "पर दुसरं शीट कुठं हाय?"

बद्रीनाथने मागे हात नेला. हाताला नुसती सीट लागली.

"मी भाकरी कुणावरून उतरू?" सारजाबाईंनी विचारलं.

काकासाहेबांनी जीपची किल्ली काढली, तसा बद्रीनाथ कळवळून म्हणाला, "जीप नाय! तिला ह्याच गाडीवर आणीन. तुम्ही माझ्या मागं बसा. घाट खालून वर चढून दावतो. तुमच्यापेक्षा वच्छला हलकीच हाय की नाय?"

एवढ्या माणसांपुढे नाही कसं म्हणायचं? काकासाहेब धोतर सावरून बसले. स्कूटर मागून खाली दबली.

माथ्यावर वच्छला आपल्या नेहमीच्या दगडावर बसून मेंढरं राखणाऱ्या म्हाळसाबाईशी गप्पा मारत होती. बद्रीनाथला बघून म्हाळसाबाई म्हणाली, "काय धनी, मघाशी मी हात करत व्हते. पर तुमचं मागल्या मोकळ्या शीटशी लई जोरात बोलणं चाललं व्हतं."

"पाय खाली गेले ओ," वच्छला म्हणाली. "सवयच ती. लई हाका मारल्या."

"बस तू इथंच. आम्ही खाली जाऊन वर येतो."

"ते कशाला?"

"ते आमचं आमच्यात हाय," काकासाहेब म्हणाले.

लिंबाला वळसा घालून गाडी फिरली. आणि खरोखरच चढली! पहिलं वळण गेलं. काकासाहेब न राहवून म्हणाले, "वा दाजी! जोर हाय!" दुसरं वळण अर्धं झालं, गाडी दोनदा खोकली आणि थांबली. बद्रीनाथने टाकीचं झाकण काढून गाडी हलवून बघितली. आत काहीच वाजेना. उंटाच्या तोंडाने बकरीची टाकी कोरडी केली होती.

आता गाडी ढकलणं आलं. बद्रीनाथने हँडल धरलं, काकासाहेबांनी मागून जोर लावला. धोतराची इस्त्री पहिल्या दहा हातांतच गेली. नेमकी तेव्हाच फुलंब्रीची एसटी वर आली, सणाला निघालेल्या माणसांनी गच्च भरलेली. ड्रायव्हरने ओळखून वेग कमी केला, मोठा हॉर्न दिला, आणि एकूण एक खिडकीतून डोकी बाहेर आली.

"काकासाहेब, राम राम! पायी का?"

काकासाहेबांनी राम राम घातला नाही. दोन्ही हात गुंतलेले होते.

माथ्यावर ते धापा टाकत पोचले, तेव्हा वच्छला उठली आणि पदराने दगड झटकून म्हणाली, "बस दादा. इथवर आलं की दम लागतो, मला ठाऊक हाय." म्हाळसाबाईने गाडग्यातलं ताक पुढे केलं. काकासाहेब बसले, ताक प्यायले आणि वाऱ्याला तोंड करून खालचा मुलूख बघू लागले. मग म्हणाले, "इथनं लई लांबवर दिसतं की गं."

"जीपमधनं दिसत नाय," वच्छला म्हणाली.

चौक्याच्या टपरीवर बाटलीतलं पेट्रोल मिळालं. नवरा-बायको स्कूटरवर, काकासाहेब पुढच्या एसटीने, असे सगळे घरी पोचले. तोवर गावाला सगळं कळलं होतं. सारजाबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा उतरला, आणि अर्धा हातात ठेवून काकासाहेबांना उंबऱ्यातच थांबवलं.

"थांब रे. तू बी घाट चढून आलास म्हणं."

जीपचा विषय पुन्हा निघाला नाही. कँटीनमध्ये पुंडलिक म्हणाला, पेट्रोल असतं तर चढली असती. कडुबा म्हणाला, तेच म्हणतो मी. विद्यापीठावरून दोघांची टेबलं वेगळी ती वेगळीच राहिली, पण कार्बोरेटरचा विषय निघाला की खुर्च्या तेवढ्या जवळ येत.

गफूरभाईंनी मधला कार्बोरेटर बसवून दिला. आता गाडी डबलशीट घाट चढते म्हणतात. खात्री कोणालाच नाही, कारण लिंब आला की वच्छला अजून उतरतेच. माथ्यावर म्हाळसाबाई वाट बघत असते.