‘ओला गंज’मधले अकरा सेकंद

कलेचं खरं मूल्यमापन होण्यासाठी कलावंताची अनुपस्थिती आवश्यक असते, याबद्दल जाणकारांत आता दुमत उरलेलं नाही. तात्पुरती अनुपस्थिती, म्हणजे बाहेरगावी जाणं किंवा आजारपण, त्यासाठी पुरेशी धरली जात नाही. माझ्या वडिलांनी ही अट गेल्या फेब्रुवारीत पूर्ण केली आणि त्यानंतर सगळं सुरळीत झालं.

वडील, कुवाना तेइझो, हिगाशी-ओसाकात लोखंडी वायसर बनवायचे. खाली कारखाना, वर आम्ही. सोमवार ते शनिवार सकाळी आठला त्यांचा पत्रा कापायचा प्रेस सुरू व्हायचा, आणि गल्लीतले बाकीचे चौदा कारखानेही. त्याबद्दल कधी कोणाची तक्रार आली नाही, कारण तो धंदा होता. रविवारी दुपारी दोन ते चार बाबा तोच प्रेस पुन्हा चालू करत. त्याला तांदळाच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा बांधत, डब्याला आतून माइक चिकटवत आणि जे काही निघेल ते कॅसेटवर घेत. याबद्दल मात्र तक्रारी आल्या, कारण ती कला होती.

(दोन्ही आवाज सारखेच आहेत असं मला लहानपणी वाटायचं. तो माझ्या कानांचा दोष होता, हे मला पुढे सप्रमाण दाखवून देण्यात आलं.)

या प्रकल्पाचं नाव ‘ओला गंज’. एकोणीस वर्षांत बावीस कॅसेट. पहिल्या एकवीस कॅसेटच्या प्रत्येकी वीस प्रती निघाल्या आणि सगळ्या मिळून एकतीस विकल्या गेल्या. टपालाने मागवणाऱ्यांत साकाईचे योनेकुरा, नाराच्या कुमारी हात्ता अशी बारा नावं आहेत. अभ्यासक त्यांना ‘आद्य श्रोते’ म्हणतात आणि त्यांचा शोध अजून जारी आहे. (बाराही जण माझी आई होती. आपल्या बहिणींच्या पत्त्यांवर मागवायची. “पार्सल बांधताना त्यांचा चेहरा बघायला हवा होतास,” एवढंच ती म्हणते. मी कॅसेट एकही मागवली नाही. कानात घालायचे बोळे मागवले.)

बाबांच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, म्हणजे शोककाळ संपतो त्या विधीला, भटजींचं पठण संपत आलं असताना तोक्योहून पाच माणसं काळ्या सुटात आली. दुःख म्हणून काळे, की या संगीताचे चाहते एरवीही काळेच घालतात म्हणून काळे, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांचे प्रमुख तोकोनामीसान यांनी बाबांच्या फोटोसमोर उदबत्ती लावली आणि डोळे पुसले.

“आम्हाला त्यांचा पत्ता लागायला उशीर झाला,” ते म्हणाले.

“चाळीस वर्षं हाच होता,” आई म्हणाली.

त्याच दिवशी आमच्या बैठकीत ‘ओला गंज रसग्रहण मंडळा’ची स्थापना झाली. आम्ही दोघींनी सगळ्या मूळ फिती मंडळाच्या स्वाधीन करण्याच्या कागदावर सहीचे शिक्के मारले. घरात पाहुणे असताना कागद वाचत बसणं बरं दिसत नाही.

मंडळाची घटना एकवीस पानांची आहे. सगळी इथे देता येणार नाही, तरी मंडळाची दृष्टी कळावी म्हणून काही कलमं सांगते. गोंगाटाचं मूल्य तो किती निरर्थक आहे यावर ठरतं. अर्थ ही दूषितता होय. ऐकताना मान हलवू नये (ताल सापडल्याचा संशय येतो). अप्रकाशित फितीची प्रत काढता येणार नाही, कारण प्रत निघताक्षणी ती फीत प्रकाशित होते. मंडळाला मिळालेल्या प्रत्येक वस्तूची परतभेट रीतीप्रमाणे दिली जाईल.

त्या काळात बाबांवर कोणी परीक्षण लिहिलं होतं का, हा मंडळापुढचा पहिला प्रश्न. कोणीच लिहिलं नव्हतं. मग आमच्या गल्लीच्या फिरत्या पाटीचे जुने कागद सापडले. कचऱ्याचे वार, भूकंपाची कवायत वगैरे सूचना लावून ही पाटी घरोघर फिरते, आणि वाचल्याचा शिक्का मारून ती शेजारी द्यायची असते. त्यात समोरच्या हिरोका काकूंच्या नऊ तक्रारी होत्या. ‘लोखंडी कपाट जिन्यावरून ढकलताहेत, पण ते खाली पोचतच नाही,’ हे त्यांचं वाक्य मंडळाच्या पत्रिकेवर आज ब्रीद म्हणून छापलेलं असतं.

मंडळाच्या उद्घाटनाला काकूंना ‘ज्येष्ठ समीक्षक’ म्हणून बोलावलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकू छातीला फूल लावून उभ्या राहिल्या.

“मला ते कधीच आवडलं नाही,” त्या म्हणाल्या. टाळ्या. “नऊ वेळा लिहून दिलं, बंद करा म्हणून. माझं मांजर त्या माणसापायी घर सोडून गेलं!” लोक उभे राहिले. परतताना गाडीत त्या माझ्याकडे झुकून म्हणाल्या, “काय गं चिनात्सु, ही माणसं बरी आहेत ना? की माझीच चेष्टा चाललीय?”

“मनापासून टाळ्या वाजवत होते काकू.”

“मग तर काळजीच आहे.”

इथवर मंडळाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, आणि पुढेही नाही. फक्त एक गोष्ट नोंदवायला हवी. बाबा फार कमी बोलत. आमच्या फोनवरचा निरोप आईच्या आवाजात आहे. नात्यातल्या एका लग्नाच्या चित्रफितीत बाबा वाकून नमस्कार करताना दिसतात, तोंड उघडत नाहीत. एकोणीस वर्षं त्यांनी आवाज साठवला आणि त्यात त्यांचा स्वतःचा कुठेही नव्हता. मला तो हवा होता. ते गेल्यावर हे लक्षात आलं, त्यामुळे विनंती योग्य व्यक्तीकडे करता आली नाही.

मग फितींची यादी करताना कारखान्यातल्या रेकॉर्डिंगच्या यंत्रात अडकलेली एक फीत सापडली. क्रमांक बावीस, जानेवारीतला शेवटचा रविवार, एकच प्रत. तोकोनामीसान आणि मी ती तिथेच, प्रेसशेजारी स्टुलांवर बसून ऐकली. अडतिसाव्या मिनिटाला जिन्यावरून कोणीतरी ओरडतं, “बाबा, जरा हळू! अजून किती वेळ?” ती मी. प्रेस थांबतो. कोणीतरी श्वास घेतं. मग बाबा म्हणतात, “थोडं राहिलंय. तू जेवून घे.” प्रेस पुन्हा सुरू. सगळं मिळून अकरा सेकंद.

तोकोनामीसानांचा चेहरा पडला. “इतकी निर्मळ फीत होती हो,” ते म्हणाले आणि ती रुमालात गुंडाळून तोक्योला घेऊन गेले.

या अकरा सेकंदांवर मंडळाची खास सभा झाली. विषयपत्रिकेत त्यांचा उल्लेख ‘अनाहूत अर्थ’ असा होता. मला निमंत्रित म्हणून बोलावलं होतं (बोलता येईल, मत देता येणार नाही). एका सदस्याने सांगितलं की एकोणीस वर्षांच्या साधनेनंतर कलावंताचा तोल गेलेली ही एकमेव जागा आहे. दुसऱ्याने मोठ्या मनाने आजारपणाकडे बोट दाखवलं. तेवढा भाग मूळ फितीतून कापून जोड द्यावा, असा ठराव आला.

मी म्हटलं, “ते माझ्याशी बोलताहेत.”

“तीच तर अडचण आहे ना,” तोकोनामीसान अतिशय हळुवारपणे म्हणाले. “कोणाशी तरी बोलताहेत.”

ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मी विचारलं, कापलेला तुकडा मला मिळेल का? क्षणाचाही विचार न करता सगळे म्हणाले, अर्थातच! तो तुमच्याकडून आलेला आहे, परतभेट द्यायलाच हवी.

ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आठवड्यात जाड कागदाचं पाकीट आलं. वर शोकाची काळी-पांढरी गाठ, आत सव्वीस सेंटिमीटर फीत आणि सुंदर अक्षरातलं पत्र. शोकप्रसंगी मिळालेल्या वस्तूची परतफेड निम्म्याने करण्याची आपली रीत आहे, पूर्ण परत करणं म्हणजे भेट झिडकारणं, आणि आपल्या घराण्याचा असा अपमान मंडळ स्वप्नातही करणार नाही. म्हणून अकरापैकी साडेपाच सेकंद. त्यातही पूर्वार्ध पाठवत आहोत, कारण त्यातला आवाज आपला स्वतःचा आहे. उत्तरार्ध दूषित-विभागात अठरा अंश तापमानात सुरक्षित आहे. काळजी नसावी.

आईने पत्र दोनदा वाचलं. “सगळे पाठवतात तसे टॉवेल पाठवले असते तरी चाललं असतं,” ती म्हणाली. मग बराच वेळ भांडी घासत राहिली.

मी रिकाम्या कॅसेटमध्ये तो तुकडा जोडला. बाबांच्या यंत्रावर तो नीट वाजतो. “बाबा, जरा हळू! अजून किती वेळ?” प्रेस थांबतो. ते श्वास घेतात. फीत संपते.

रविवारी दोन वाजता मी तो लावते, आणि एकदा लावून भागत नाही. गेल्या महिन्यात फिरत्या पाटीवर हिरोका काकूंची दहावी तक्रार आली: ‘कुवाना यांच्या घरात दर रविवारी एक बाई बापावर ओरडते. समज द्यावी.’ वाचल्याचा शिक्का मारून आम्ही पाटी शेजारी दिली. मंडळाने संग्रहासाठी तिची प्रत मागवली आहे.

असो. मंडळाचं सभासदत्व सर्वांना खुलं आहे आणि हे वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ‘ओला गंज’ ऐकावासा वाटू लागला असेल. घाई करू नये. तुमच्याही घरात आत्ता पलीकडच्या खोलीत कोणीतरी काहीतरी ठोकत, घासत, गुणगुणत असेल. वाचायला शांतता हवी म्हणून मघाशी तुम्ही “जरा हळू” म्हणालात आणि दार लावून घेतलंत. योग्यच केलंत. रसग्रहणाची वेळ अजून झालेली नाही.