हसऱ्या आजीची खुर्ची

चिंगीने घरात सरळ बोलणं सोडलं होतं आणि थोरल्याबाईंचा तिच्यावर राग होता तो याच गोष्टीचा. नोकरी लागली म्हणून काय माणसाने भाषा बदलायची? काकाच्या शर्टावर इस्त्री तशीच ठेवून ही फोनवर बोलत बसली, पाठीला तळहाताएवढं भोक पडलं, तर शर्ट पुढे धरून म्हणते, "काका, आता हवा खेळती राहील." दूध उतू गेलं की म्हणायची, ओटा धुवायला झालाच होता. आणि तो काका, म्हणजे थोरल्याबाईंचा धाकटा मुलगा, एरवी चहात साखर कमी पडली तर भिंतीशी भांडणारा माणूस, हसत हसत तोच शर्ट घालून कामावर गेला. थोरल्याबाईंना भोकाचं काही वाटलं नाही. त्याच्या हसण्याची मात्र धास्ती वाटली.

चिंगी ही थोरल्या मुलाची मुलगी. एका जनसंपर्काच्या ऑफिसात उमेदवारी करत होती. तिथे नेमकं काय करतेस, असं थोरल्याबाईंनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की आपल्या गिऱ्हाइकाबद्दल लोकांचं मत चांगलं राहील असं बघायचं.

"आणि गिऱ्हाईकच चांगलं नसलं तर?"

"तेव्हाच तर आपल्याला बोलावतात, आजी."

उमेदवारी संपत आली होती. कायम होणार का, असं तिच्या मॅडमनी विचारलं होतं आणि चिंगीचा काही निर्णय होत नव्हता. कामात ती चलाख होती, मॅडम खूश होत्या. पण घरी आली की आरशासमोर बसून स्वतःच्या तोंडाकडे असं बघायची, जसं काही ते कुणाकडून उसनं आणलंय. थोरल्याबाई चौथीतून घरी बसलेल्या. पण माणूस जिना चढताना मी त्याच्या पावलावरून ओळखते, ही त्यांची प्रौढी. सुना, जावई, भाडेकरू, सगळे त्यांनी असेच पारखून घेतलेले. त्यातला एक भाडेकरू न्हाणीघराच्या नळासकट पळाला होता, ते मात्र त्या कुणाला सांगत नसत. त्यांनी जाहीर केलं, की मला एक दिवस तुझ्या कामावर ने, संध्याकाळपर्यंत सांगते तुला हे जमेल की नाही.

तो दिवस फार लवकर उजाडला. ऑफिसचं नवं गिऱ्हाईक म्हणजे शहराच्या टोकाचा एक वृद्धाश्रम. तिथली म्हातारी माणसं दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, असं कुणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं होतं. त्यावर उतारा म्हणून मॅडमनी वार्ताहर आणि फोटोवाले बोलावले होते, आणि त्यांच्यापुढे बसवायला तिथलीच एक सदा हसतमुख आजी हेरून ठेवली होती. त्या दिवशी सकाळी चिंगी ऑफिसला गेली आणि लगेच धापा टाकत परत आली. ती आजी आज उपलब्ध नाही, म्हणाली. आजी, तू चल. फक्त खुर्चीत बसायचं, बोलायचं काहीच नाही.

थोरल्याबाईंना बोलू नका म्हणणं म्हणजे पाण्याला वाहू नको म्हणणं. त्यांनी ठेवणीतले कपडे काढले, केस दोनदा विंचरले आणि गाडीत जाऊन बसल्या.

वृद्धाश्रमाच्या भिंती घाईघाईने रंगवलेल्या होत्या. रंगाचा वास तर होताच, पण रंगाऱ्याचा ब्रश खिडकीच्या काचेवर आणि एका घड्याळाच्या तबकडीवरही फिरला होता. एका खोलीत दोन खाटा. एकीवरची गादी गुंडाळून ठेवलेली. दुसरीवर एक वाळकी बाई उशीच्या अभ्र्याला बोटांनी चाचपत टाके घालत होती. जन्मभर शिवणकाम करून तिचे डोळे गेल्यातच जमा होते. मधे खिडकीपाशी खुर्ची. थोरल्याबाई तिच्यात ऐसपैस बसल्या.

शिवणवाली मान वर न करता म्हणाली, "ती तिची खुर्ची आहे."

"कुणाची?"

"पहाटे गेली ना, तिची. फार हसायची. मला दिसायचं नाही, पण ऐकू यायचं."

थोरल्याबाईंनी चिंगीकडे पाहिलं. उपलब्ध नाही याचा अर्थ असा होता तर. चिंगीचे कान लालभडक झाले होते. थोरल्याबाई खुर्चीतून उठणार, तेवढ्यात दार उघडलं, मॅडम आल्या, मागून वार्ताहर आले आणि दिव्याचा लखलखाट झाला. आता उठावं तर नातीची नोकरी जाते. बसावं तर मेलेल्या बाईच्या जागी बसावं लागतं. थोरल्याबाई बसल्या. आणि एकदा बसल्यावर गप्प बसणं काही त्यांच्या रक्तात नव्हतं.

मुलं भेटायला येतात का, असं एका वार्ताहराने विचारलं. खरं तर मुलं सकाळीच त्यांच्या हातचा चहा पिऊन गेली होती. पण थोरल्याबाईंनी उसासा टाकला. मुलांना कुठली सवड, म्हणाल्या. एकाला ऑफिस, दुसऱ्याला फोन. सुना चांगल्या आहेत, विचारलं तर उत्तर देतात. घरात माणसं पुष्कळ, पण एक वाक्य पुरतं ऐकून घेईल असं कुणी नाही. मी बोलायला लागले की प्रत्येकाला काहीतरी आठवतं आणि तो उठून जातो. इथे बघा, किती शांत. इथे ऐकणारी माणसं आहेत. सगळे भराभर लिहून घेत होते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते आनंदाचं होतं. थोरल्याबाईंना वाटलं, काय झकास खोटं बोलतोय आपण. मग हे इतकं न अडखळता कसं येतंय, असंही वाटलं, पण तो विचार त्यांनी बाजूला सारला.

तेवढ्यात शिवणवालीने विचारलं, "तुम्ही राहणार का इथे?"

सगळ्यांचे कान थोरल्याबाईंकडे लागले.

"राहणार म्हणजे? आता मला इथून उठवून दाखवा."

सगळे हसले. शिवणवाली हसली नाही. ती उठली, हाताने अंदाज घेत कपाटापाशी गेली आणि आपले कपडे एका बाजूला सरकवून तिने अर्धा कप्पा रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोलण्यासकट फोटो छापून आला आणि घरावर आभाळ कोसळलं. थोरल्याबाईंची पहिली तक्रार फोटोत नाक मोठं आलं ही होती. परगावच्या मुलीचा फोन आला. ती आधी रडली, मग भावांना नाही नाही ते बोलली, आणि आई तिच्याशीच फोनवर बोलतेय हे लक्षात यायला तिला बराच वेळ लागला. थोरल्या मुलाला त्याच्या साहेबाने खोलीत बोलावून आईवडलांवर व्याख्यान दिलं. दूधवाल्याने आपणहून दूध कमी केलं. शेजारीण समाचाराला आली आणि जाता जाता म्हणाली, की त्यांची खोली भाड्याने देणार असाल तर माझा भाचा जागा शोधतोय. त्या वेळी थोरल्याबाई त्याच खोलीत, दाराआडच बसल्या होत्या.

मग चिंगीने निस्तरायला घेतलं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिने सगळ्या नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना फोनवर खुलासा पाठवला, की आजी आता स्वेच्छेने, सुखरूप आणि कायमची घरीच आहे. झालं. बाईंना वृद्धाश्रमानेसुद्धा ठेवून घेतलं नाही, अशी बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचली. त्यांच्या जिभेचा लौकिक पाहता ती कुणाला खोटीही वाटली नाही. जिन्यात भेटेल तो आता थोरल्या मुलाची कीव करू लागला.

त्या संध्याकाळी थोरला मुलगा त्यांच्या खोलीत येऊन बसला. पुष्कळ वर्षांत तो असा बसला नव्हता. हातातल्या वर्तमानपत्राची घडी घालत, मोडत राहिला. मग म्हणाला, "आई, तिथे खरंच बरं आहे का गं?"

त्याला काळजी वाटत होती की तो चौकशी करत होता, हे थोरल्याबाईंना कळेना. पावलावरून माणूस ओळखणारी ही बाई पोटच्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला काही ओळखू येईना. सगळं खोटं होतं रे, एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना. चहा निवतोय, असं त्या म्हणाल्या. त्याने तो पिऊन टाकला, पुन्हा काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि तो उठून गेला.

मॅडमला उत्तर द्यायचा दिवस आला. चिंगी सकाळी तयार होऊन स्वयंपाकघरात बसली होती, पण पुढ्यातल्या पोळीचा तुकडासुद्धा तिने मोडला नव्हता. थोरल्याबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. शिवणवाली रोज संध्याकाळी शेजारच्या खाटेवर धुतलेला टॉवेल काढून ठेवते आणि माझी नवी सोबतीण कुठे, म्हणून विचारते. तिथल्या कामवाल्या बायांनी ऑफिसला कळवलं. मॅडमनी चिंगीला पाठवलं, की जा, छानसं काहीतरी सांगून ये. चिंगी जाऊन सांगून आली, की आजी बाहेरगावी गेल्यात, येतीलच. शिवणवालीने बरं म्हटलं आणि टॉवेलाची घडी पुन्हा नीट केली. तेव्हापासून चिंगीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"मॅडम म्हणतात छान जमलं," ती म्हणाली. "आता तू सांग आजी. सांगणार होतीस ना? जमेल का मला हे काम?"

थोरल्याबाईंनी कप खाली ठेवला.

"नाही जमणार. मॅडमला नाही म्हणून सांग, आणि सरळ सांग; उपलब्ध नाही, असलं काही नको. हे काम माझ्यासारखीचं आहे, बये. एका बैठकीत मी मुलांची अब्रू घालवली, तुझ्या त्या रंगवलेल्या भिंतींना चांगलं ठरवलं, एका आंधळ्या बाईला आशा लावली, आणि घरी येऊन पोटभर जेवले. तू एक वाक्य बोललीस तर तुझा घास अडतो. असल्या घशाच्या माणसाने दुसरं काहीतरी शोधावं. आता ती पोळी खा आणि गाडी बोलाव. तिथे माझा अर्धा कप्पा रिकामा पडलाय, दुपारभर तरी बसून येऊ. तिच्याशी मी बोलते. खरं सांगायचंय, तुझ्याने व्हायचं नाही ते. आणि तो मेला फोटोवाला मात्र नको."