दोन गोतावळे, एक सॉकेट

पाटी, फाटकावर: आपले स्वागत. खुर्ची आधीपासूनच मोडकी होती हे आम्हाला माहीत आहे. तरी भरपाई द्यावी.

नेस्तोरनं ही पाटी वाचलीच नाही. एका हातात जांभळ्या कंदाचा केक, दुसऱ्या हातात वाळू शिरू नये म्हणून काढलेले बूट आणि डोक्यात मायलीनच्या वडिलांचा निरोप: "मुलगी मागायची असेल तर समुद्रावर ये, आम्ही सगळे दोन दिवस तिथंच आहोत. पण येताना तुझी माणसं घेऊन ये. एकट्यादुकट्याला मी मुलगी देत नाही."

नेस्तोरची माणसं म्हणजे एक मावशी आणि तिचा नवरा. दोघं दूर समार बेटावर. समुद्र खवळला, बोट रद्द झाली आणि मावशीनं फोनवर रडत रडत सांगितलं, "तू हो पुढे. केक मात्र चांगला घे."

म्हणून केक चांगला होता.

रिसॉर्टला कधीकाळी नाव होतं. पण कमानीवरची अक्षरं एकेक करून गळली तेव्हापासून सगळे त्याला उर्सुलाचं रिसॉर्ट म्हणतात. पोहण्याच्या तलावात पाणी नाही, शेळ्या आहेत. नळाला पाणी आहे, पण चव घेतली की संशय येतो. तरी सुट्टीत तिथं जागा मिळत नाही. कारण किनाऱ्यावरची चकचकीत हॉटेलं बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आणि उर्सुलाकडे अख्खं भाजलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन गेलं तरी ती एवढंच विचारते, "कातडी कुरकुरीत आहे ना? मग एक तुकडा इकडे."

मायलीननं सकाळी बसमधून मेसेज टाकला होता: निळं छप्पर, अगदी पाण्याजवळ, तिथं फोन लागत नाही, सरळ आत ये. छप्पर तिनं उर्सुलानं पाठवलेल्या फोटोत पाहिलं होतं. फोटो रंग दिला त्या वर्षीचा. मधल्या काळात उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं तो निळा रंग चाटूनपुसून खाल्ला होता आणि छप्पर आता जुन्या बनियनच्या रंगाचं झालं होतं. शेजारचं छप्पर मात्र गळत होतं, म्हणून उर्सुलानं त्यावर नवंकोरं प्लास्टिक अंथरलं होतं.

निळं.

नेस्तोर निळ्याखाली शिरला. यात त्याची चूक कुठं झाली ते कोणीतरी दाखवून द्यावं.

पाटी, कॉटेजच्या खांबावर: एका कॉटेजमध्ये वीस माणसे. लहान मुले मोजली जाणार नाहीत. ती मोजून होत नाहीत.

"आला गं! समारचा आला!"

ओरडली ती तिता चारिंग, म्हणजे चारिंग मावशी, हातात कालथा असलेली गुबगुबीत बाई. नेस्तोरला हायसं वाटलं. मायलीननं घरात सगळं सांगून ठेवलेलं दिसत होतं.

"बोट रद्द झाली होती ना रे? मग आलास कसा?"

"मी मनिलाहून आलो, तिता. कामाला तिकडे असतो."

"बघा! आणि रिकाम्या हातानं नाही आला. लोला, केक आणलाय पोरानं!"

मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत लोला पासिंग बसली होती. लोला म्हणजे आजी, या सगळ्या गोतावळ्याची. नेस्तोरनं वाकून तिचा हात कपाळाला लावला. मग तिच्या बहिणीचा, मग बहिणीच्या दिरांचा. एका झोपलेल्या म्हाताऱ्याचा हातही त्यानं कपाळाला लावला, तेव्हा म्हातारा दचकून उठला आणि आशीर्वाद देऊन परत झोपला.

"मुली कुठं दिसत नाहीत?" नेस्तोरनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"बर्फ आणायला गेल्यात बाजारात. उर्सुलाचा फ्रीज गरम करतो, गार नाही. तू बस, जेव."

आमच्याकडे 'जेव' म्हटल्यावर 'पण आपण कोण?' असं विचारायची पद्धत नाही. नेस्तोर जेवला. त्याच्या ताटात डुकराची कातडी पडली, नूडल्स पडल्या, भाजलेला मासा पडला, आणि लोलानं स्वतःच्या बोटांनी डुकराची शेपटी त्याच्या भातावर ठेवली. शेपटी ती कोणालाही देत नाही. सख्ख्या मुलानं तोंड वाकडं केलं.

तो सख्खा मुलगा म्हणजे तितो बोयेट, सगळ्यांचा बोयेटकाका. पोट मोठं, मिशा मोठ्या, हातात माइक. मायलीननं नेस्तोरला बजावलं होतं: "बाबा जाड आहेत, मिशा आहेत, गाणं म्हणजे त्यांचा जीव. त्यांना गाण्यात खूश केलंस की अर्धं काम झालं." या वर्णनात आमच्या किनाऱ्यावरचे निम्मे बाप बसतात, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

नेस्तोर सरसावून तितो बोयेटच्या शेजारी जाऊन बसला.

"तुम्ही गाणार आहात का? मला ऐकायचं होतं."

"कसा गाणार?" बोयेट करवादला. "तिकडे बघ."

पाटी, नारळाच्या झाडावर: सॉकेट १, २, ३.
(खाली कोळशानं: १ आणि ३ मेलेले आहेत. भांडू नये.)

झाड दोन कॉटेजांच्या बरोबर मध्ये होतं. दोन्हीकडे भाड्यानं आणलेली कराओके मशिनं होती. दोन क्रमांकाच्या सॉकेटात शेजाऱ्यांचा प्लग होता, सकाळपासून. बांबूच्या चटईपलीकडून एक जाडाभरडा आवाज विरहाचं जुनं गाणं आळवत होता. माणूस दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती.

"चौथं गाणं आहे मेल्याचं," बोयेट म्हणाला. "समार, जा. त्याचा काढ, आपला लाव."

"पण ते गातायत, तितो."

"ते गातायत असं त्यांना वाटतंय. जा."

नेस्तोर थांबला. माणसाला जेवणावरून उठवलं तर तो विसरतो. गाण्यावरून उठवलं तर त्याची नातवंडंसुद्धा विसरत नाहीत. पण सासरा सांगतोय. पहिलं काम सांगतोय. त्याला नाही म्हणायचं?

तो झाडाकडे चालू लागला.

(चटईपलीकडे)

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानानं 'मांग' म्हणतात. मांग इसिद्रोंची बायको बाजारात गेली होती आणि मुलगी मायलीनही. म्हणजे 'पुरे झालं आता' म्हणणारं कोणी नव्हतं. आयुष्यभर 'जीपनी' नावाची प्रवासी गाडी चालवलेल्या या माणसाचा आवाज हॉर्नशी झुंजून झुंजून कमावलेला होता. कडवं संपत आलं. त्यांनी डोळे मिटले, पोट आत घेतलं, डावा हात समुद्राकडे पसरला, आणि ज्या सुरासाठी शेजारीपाजारी वर्षानुवर्षं खिडक्या लावून घेत आले त्या सुराला हात घालणार तोच

(इकडे)

"लावला, तितो."

"शाब्बास. आता पहिलं गाणं तूच म्हण."

नेस्तोर गायला. जीव तोडून गायला, कारण हा जीव मायलीनसाठीच होता. तिता चारिंगनं कालथा छातीशी धरला. लोला डोळे पुसायला लागली. मशिननं अठ्ठ्याण्णव गुण दिले आणि आपल्याच खुशीत तुतारी वाजवली.

चटईपलीकडून गर्जना आली, "कोण रे तो? समोर ये!"

"खूश झालेत," बोयेट म्हणाला. "दुसरं घे."

दुसरं अर्ध्यात असताना मशीन बंद पडलं. शेजाऱ्यांनी प्लग बदलला होता. पलीकडे विरह पहिल्यापासून सुरू झाला.

"समार."

"हो, तितो."

(चटईपलीकडे, पुन्हा)

डोळे मिटले, पोट आत, डावा हात समुद्राकडे, आणि

पाटी, खास या प्रसंगी उर्सुलानं पुठ्ठ्यावर लिहून आणलेली: एक गाणे त्यांचे, एक गाणे यांचे. काठी वापरू नये.

मायलीन बर्फाची पिशवी डोक्यावर घेऊन परत आली तेव्हा निळ्या प्लास्टिकखाली तिचा होणारा नवरा एका अनोळखी म्हातारीला हात धरून नाचवत होता.

"नेस्तोर! इथं काय करतोयस?"

"अगं, तुझ्या घरच्यांना मी आवडलो! वडील तर मला सोडतच नाहीत."

"कोणाचे वडील?"

नेस्तोरनं बोयेटकडे बोट दाखवलं. बोयेटनं हात हलवला. मायलीननं बर्फ खाली ठेवला.

"माझे वडील पलीकडे आहेत, आत्ता येतानाच बघितलं. कोणीतरी दोनदा त्यांचा प्लग उपटला म्हणून सकाळपासून घातलेली नवी चप्पल हातात घेऊन बसलेत."

नेस्तोरनं लोलाचा हात हलकेच सोडला, माइक खुर्चीवर ठेवला आणि फाशीला निघाल्यासारखा मायलीनच्या मागून निघाला. केक तिकडेच राहिला. अर्धा खाल्लेला केक मागून घेण्याइतका निर्लज्ज तो नव्हता.

मांग इसिद्रो खरंच जाड होते आणि मिशीवाले होते.

"नमस्कार," नेस्तोर म्हणाला.

मांग इसिद्रोंनी मान तिरकी केली. "परत बोल."

"काय बोलू?"

"हाच! हाच तो अठ्ठ्याण्णव गुणांचा आवाज! माझा प्लग तू उपटलास?"

"हो. दोनदा. मला वाटलं ते तुम्ही आहात."

"मी मी आहे असं वाटलं म्हणून माझा प्लग उपटलास?"

"नाही, तिकडचे ते... तुम्ही आहात असं..."

"बाबा, तो चुकून तिकडे गेला," मायलीन म्हणाली. "छप्पर निळं होतं."

"छप्पर राहू दे. याची माणसं कुठायत?"

"बोट रद्द झाली," नेस्तोर म्हणाला.

मांग इसिद्रोंनी चप्पल खाली टाकली आणि तीत पाय घातला. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"पोरा, प्लगचं मी एक वेळ सोडून देईन. पण बघ, आत्ता मला ओरडायचंय. घसा नुसता शिवशिवतोय. तुझ्यावर ओरडून उपयोग काय? तू मान खाली घालून उभा राहशील. लग्नानंतर माझ्या पोरीला रडवलंस तर मी कोणाच्या दारात जाऊन उभा राहू? केकच्या?"

"केक पण नाहीये आता," नेस्तोर म्हणाला.

"मग झालंच तर. पुढच्या बसनं जा."

मायलीनचे डोळे भरले. नेस्तोरनं बूट उचलले.

आणि बांबूची चटई एका बाजूनं कोसळली.

प्लास्टिकच्या खुर्चीसकट लोला पासिंगला दोन पुतण्यांनी उचलून आणलं होतं, कारण वाळूत तिला चालवत नाही. मागं तिता चारिंग आणि बोयेट, आणि मागं मोजता न येणारी मुलं.

"हाच तो!" लोला कडाडली. "माझा हात कपाळाला लावलास, माझ्या डुकराची शेपटी खाल्लीस, आणि 'येतो लोला' न म्हणता उठून गेलास? ही कुठली रीत?"

"लोला, मी तुमचा नाही," नेस्तोर रडवेला होऊन म्हणाला. "चुकून आलो होतो."

"ते कळलं. आमच्या तेरेसाचा पोरगा आत्ता आला समारहून, कालच्याच बोटीत बसला होता म्हणे. रिकाम्या हातानं!"

"आणि गाता येत नाही मेल्याला," तिता चारिंग म्हणाली.

मांग इसिद्रो पुढं झाले. "बाई, हा तुमचा कोण?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला ओरडायचंय."

लोलानं नेस्तोरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अनवाणी पाय, हातात बूट, ओठाला अजून शेपटीची चरबी.

"मग माझ्यावर ओरडा," ती म्हणाली. "माझ्या ताटातलं जेवलाय तो."

"आणि प्लग काढायला मी सांगितलं होतं," बोयेट पुढं सरकला. "पोरानं नुसता ओढला. त्याला बोलायचं नाही, मला बोला."

मग मांग इसिद्रो ओरडले. प्लगवरून ओरडले, शेवटच्या सुरावरून ओरडले, आजकालच्या पोरांवरून, बोटींवरून, उर्सुलाच्या फ्रीजवरून ओरडले. तलावातल्या शेळ्या तलाव सोडून गेल्या. बोयेटनंही आवाज चढवून उत्तरं दिली, तिता चारिंगनं कालथ्यानं मुद्दे मांडले, आणि लोला अधूनमधून "बरोबर आहे तुमचं, पण पोर चांगलं आहे" म्हणत राहिली. थकून मांग इसिद्रो खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"बरी माणसं आहेत याच्यामागं," ते बायकोला म्हणाले. "ओरडायला मजा आली. खुर्च्या मांड."

मुलगी मागायला बसण्याआधी त्यांचं गाणं झालं. पहिल्यापासून. बोयेट स्वतः नारळापाशी प्लग हातानं दाबून उभा राहिला. शेवटचा सूर आला, लांबला, आणि नाही नाही तिथं गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुण किती पडले कोणी पाहिलं नाही, कारण लोलानं आपली खुर्ची पडद्यासमोर ठेवायला लावली होती.

मग ती खाकरली. दोन्ही गोतावळे गप्प झाले.

"इसिद्रो, आम्ही तुमच्या दारात आलोय. तुमची मायलीन आमच्या घरात द्या. मुलगा आमचा लाखात एक. गातो, जेवतो, मोठ्यांचा मान ठेवतो. उद्या त्यानं काही वेडंवाकडं केलं तर माझ्याकडे या, मी त्याचा कान पिरगाळीन. तर आमचा हा..."

लोला थांबली. तिनं नेस्तोरला जवळ बोलावलं, त्याचा कान धरला आणि आपल्या तोंडापाशी ओढला.

"बाळा, तुझं नाव काय?"

त्यानं सांगितलं.

"नेस्तोर!" लोलानं सगळ्यांना ठणकावून सांगितलं. "आमचा नेस्तोर!"